संपादक नको म्हणता, पण पासवर्ड कोणाकडे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरहून लंडनला एमए करायला आलेल्या एकाने विचारलंय की आम्ही सात जण आहोत, दोघं मराठी, एक सिलहेटी (बांगलादेशातल्या सिलहेटची) मुलगी, ऑफिसं साफ करायचं काम करणारी एक कोलंबियाची बाई, एक पोलिश वेअरहाउसवाला आणि एक कुर्दिश जोडपं. आम्हाला छापील अनार्किस्ट (म्हणजे कुठलीही सत्ता, मालक न मानणाऱ्यांचं) त्रैमासिक काढायचंय, संपादक-बिंपादक कोणी नको, सगळं एकमताने ठरवायचं, तर पैसे कुठून आणायचे, कायद्याचं काय, आणि भांडणं कशी टाळायची.

मी लंडनमध्येच बरीच वर्षं अशाच एका गटात आहे, पानं लावते आणि हिशेब बघते. मासिकाचं नाव सांगत नाही कारण बाकीच्यांना विचारलेलं नाही. सांगते ते सगळं ब्रिटनपुरतं धरा. जर्मनीत असता तर जबाबदार व्यक्तीचं नाव-पत्ता अंकावर छापायचा तिथला नियम आधी बघावा लागला असता, भारतात तर नोंदणीचाच वेगळा खटाटोप. शिवाय सात जणांचा गट आणि सतरा जणांचा गट यांचं गणित एक नसतं, त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही.

भांडणांचं तुम्ही शेवटी विचारलंय पण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न तोच आहे, आणि तो भांडणाचाही नाहीये. तुमच्या सात जणांत मतभेद विचारांवरून होणार नाहीत, झाले तरी त्यात मजाच येईल. गडबड होईल ती तीन गोष्टींवरून. कंटाळवाणं काम कोण करतं, किल्ल्या कोणाकडे आहेत, आणि कागदावर नाव कोणाचं लागतं. किल्ल्या म्हणजे ईमेलचा पासवर्ड, वर्गणीदारांची यादी, बँकेचं लॉगिन, प्रिंटरशी असलेली ओळख. संपादक नाही म्हणून जाहीर केलं की संपादक नाहीसा होत नाही, ज्याच्याकडे वेळ जास्त, इंग्रजी फर्डं आणि पासवर्ड पाठ, तो आपोआप संपादक होऊन बसतो, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही आणि म्हणून त्याला कोणी जाबही विचारू शकत नाही. तुमच्या गटात तो कोण असेल हे मी न बघता सांगू शकते. एमए करणारा.

राग मानू नका. हे मी अंदाजाने नाही म्हणत, जुनी पत्रं बघितली तरी हेच दिसतं. स्थलांतरितांनी काढलेली अनार्किस्ट पत्रं म्हणजे काही नवीन टूम नाहीये, अमेरिकेत आणि इथे लंडनच्या ईस्ट एंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ढिगाने निघायची, यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा), इटालियन, स्पॅनिश, जर्मन. पण त्यातली जी टिकली ती बऱ्याचदा एका माणसाच्या जोरावर टिकली हे प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. न्यूयॉर्कचं यिडिश 'फ्राये आर्बेटर श्टिमे' १८९० ला सुरू झालं आणि १९७७ पर्यंत चाललं, सत्त्याऐंशी वर्षं, आणि त्याची सगळ्यात भरभराटीची वीस वर्षं, म्हणजे १८९९ ते १९१९, शाऊल यानोव्स्की नावाच्या अतिशय तिखट जिभेच्या संपादकाच्या हातात होती. व्हरमाँटमधल्या बॅरे गावात संगमरवर-ग्रॅनाइट कापणाऱ्या इटालियन कामगारांचं 'क्रोनाका सोव्हेर्सिव्हा' होतं, ते म्हणजे त्याचा संपादक लुइजी गॅलेआनी. न्यूयॉर्कचं 'मदर अर्थ' म्हणजे एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन, दोघंही रशियन साम्राज्यातून आलेले. त्यामुळे संपादकाशिवाय चालवणं ही काही आपली जुनी सिद्ध परंपरा आहे असं समजून जाऊ नका, ते तुम्हाला नव्याने जमवावं लागेल आणि त्याला कष्ट आहेत. मला विचाराल तर करावंच, पण डोळे उघडे ठेवून.

आता एकमताचं. सगळं एकमताने म्हणजे मुखपृष्ठावरचा लाल गडद हवा की फिका यावर दोन तास, असं होतं, आणि दोन तासांनंतर पहाटे चारला कामाला जायचं असलेली बाई उठून गेलेली असते, मग जे उरतात त्यांचं एकमत होतं. आमच्याकडे असं ठरलंय की एकमत फक्त चार ठिकाणी लागतं, आम्ही काय छापणार नाही, नवीन माणूस घ्यायचा का, ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च, आणि कोणाचं नाव किंवा फोटो छापणं. बाकी सगळं ज्याच्याकडे काम त्याचा निर्णय. मुखपृष्ठ यावेळी पोलिश भाऊ करतोय ना, मग लाल कुठला ते तो ठरवणार, आवडलं नाही तर पुढच्या अंकाच्या आधी बोला. लेखांचं म्हणाल तर प्रत्येक लेख दोघांनी वाचायचा, त्यातला एक तरी लेखकाच्या ओळखीतला नसावा, दोघं हो म्हणाले की लेख आत. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहून द्यायचं, तोंडी नाही, कारण तोंडी 'नाही' हे नेहमी हळू बोलणाऱ्याच्या वाट्याला येतं.

आणि मीटिंगची वेळ. ही बारीकशी गोष्ट वाटते पण गट कोणाचा आहे ते इथेच ठरतं. शुक्रवारी संध्याकाळी सातला पबमध्ये मीटिंग ठेवलीत की ज्यांची शिफ्ट रात्रीची किंवा पहाटेची, ज्यांना लेकरं, जे दारूच्या ठिकाणी येत नाहीत, ते सगळे बाद. तुमची कोलंबियाची बाई कधी मोकळी असते ते आधी विचारा आणि त्यावरून बाकीच्यांनी आपापली वेळ काढा, उलटं नको.

कंटाळवाण्या कामांची एक यादी करा आणि भिंतीवर लावा. जाहीरनामा लिहायला सातही जण हात वर करतील, पाकिटांवर पत्ते चिकटवायला कोणी नाही. ईमेलला उत्तरं देणं, दुकानात जाऊन विकलेल्या प्रतींचे पैसे मागणं (हे फार लाजिरवाणं काम आहे), शुद्धलेखन, पोस्ट, हिशेब, मीटिंगची टिपणं, भाषांतर. ही कामं फिरती ठेवा पण अचानक बदलू नका, जुना आणि नवा माणूस एक अंक बरोबर काम करतील असं बघा, नाहीतर फिरवाफिरवीच्या नावाखाली दर वेळी सगळं नव्याने शिकावं लागतं आणि शेवटी लोक म्हणतात जाऊ दे, तूच कर. प्रत्येक किल्ली दोघांकडे, आणि ते दोघं एकमेकांचे नवरा-बायको किंवा पार्टनर नसावेत. तुमच्याकडे जोडपं आहे म्हणून मुद्दाम सांगतेय. त्यांचं चांगलं चाललेलं असो, पण एका घरात दोन्ही किल्ल्या म्हणजे एकच किल्ली झाली.

आता कागदपत्रं, कारण इथे आपण सगळे सारखे नाही आहोत आणि मासिक काढताना ते विसरायला फार सोपं जातं. तुम्ही स्टुडंट व्हिसावर आहात असं धरते. त्या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, म्हणजे मासिक विकून आलेले पैसे तुमच्या खात्यात जमा व्हायला लागले की नसता प्रश्न उभा राहतो, ते पैसे तुम्ही चहालाही वापरले नसतील तरी. तेव्हा वैयक्तिक खातं अजिबात नको. इथे साध्या अनौपचारिक संस्थेच्या नावाने खातं उघडता येतं, कंपनी काढायची गरज नाही, पण बँक लिखित घटना मागते. अनार्किस्टांनी बसून घटना लिहिणं हा एक बघण्यासारखा कार्यक्रम असतो, आमची एका पानाची आहे. सह्या करणारे दोघं-तिघं असे ठेवा ज्यांचे कागद पक्के आहेत, ब्रिटिश पासपोर्ट किंवा कायमचं वास्तव्य. आश्रयाचा अर्ज ज्यांचा चालू आहे त्यांचं नाव बँकेत नको, डोमेनवर नको, अंकात तर नकोच, टोपणनाव, तेही दर अंकात वेगळं चालेल. तुमच्या कुर्दिश मित्रांना हे तुमच्यापेक्षा जास्त कळतं, फक्त त्यांना ते सगळ्यांसमोर बोलावं लागू नये. आणि व्हिसाचं नेमकं काय चालतं ते कुठल्याही ग्रुपवर विचारू नका, मलाही नको, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा, मोफत सल्ला देणारी केंद्रं बरीच आहेत.

इथे एक पेच आहे. पक्के कागद असलेल्याने नाव द्यायचं म्हणजे धोका त्याने घ्यायचा, मग तो म्हणतो मी धोका घेतोय तर माझं जरा जास्त ऐका. आम्ही यावर तोडगा काढला तो असा की ज्याचं नाव कागदावर आहे त्याला फक्त एका बाबतीत लेख अडवता येतो, कायद्याने गळ्याशी येईल अशी शंका असेल तर. राजकारण पटत नाही, भाषा आवडली नाही, या कारणासाठी त्याचं मत बाकीच्यांइतकंच. आणि अडवला तरी कायमचा नाही, पुरावा आला की छापायचा.

पुरावा म्हणजे काय. समजा बाईंनी लिहिलं की अमुक क्लिनिंग कंपनी ओव्हरटाइम बुडवते, नाव घेऊन. इथला बदनामीचा कायदा २०१३ मध्ये सुधारला, प्रतिष्ठेला गंभीर हानी झाली हे आता दावा करणाऱ्याला दाखवावं लागतं, ते बरं झालं, पण लिहिलेलं खरं आहे हे सिद्ध करायची जबाबदारी अजूनही छापणाऱ्यावरच आहे. म्हणून नाव घ्यायचं असेल तर पे-स्लिपा, तारखा, मेसेजचे स्क्रीनशॉट आधी हातात हवेत. नसतील तर नाव न घेता लिहा, त्या बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्यांना कळतंच. आणखी एक, इथे जुना नियम आहे की छापील मजकुरावर पहिल्या किंवा शेवटच्या पानावर छापणाऱ्याचं नाव-पत्ता असावा. बाहेरच्या प्रिंटरकडे छापलंत तर तो आपलं नाव टाकतो, पण स्वतःच्या रिसोवर (स्टेन्सिलने छापणारं छोटं यंत्र) छापलंत तर छापणारे तुम्हीच, तेव्हा पत्ता कोणाचा टाकायचा ते आधी ठरवा. एखाद्या सोशल सेंटरला (चळवळीतल्या लोकांनी चालवलेली सामायिक जागा) किंवा पुस्तकाच्या दुकानाला विचारून त्यांचा पत्ता घेता येतो. राहत्या घराचा कधीच नको.

वर्गणीदारांच्या यादीबद्दल मी जरा कडक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने 'क्रोनाका'च्या कचेरीवर धाडी टाकल्या तेव्हा त्यांच्या हाती सगळ्यात मोठं घबाड काय लागलं तर वर्गणीदारांची यादी. कुठल्या गावात कोण अंक घेतो ते नाव-पत्त्यासकट. गॅलेआनीला १९१९ मध्ये देशाबाहेर काढलं, त्याच वर्षी डिसेंबरात गोल्डमन आणि बर्कमन यांच्यासह एकूण २४९ जणांना 'ब्युफर्ड' नावाच्या जहाजात बसवून रशियाला रवाना केलं. परदेशी माणसाचं तोंड बंद करायला खटला जिंकावा लागत नाही, त्याला परत पाठवलं की झालं, हे तेव्हाही खरं होतं. तुमचा अंक दोनशे लोक घेणार, कोणी धाड टाकणार नाही बहुतेक, पण वर्गणीदारांतही कच्च्या कागदांचे लोक असणारच ना. आम्ही फक्त नाव, पत्ता आणि किती अंक बाकी एवढंच ठेवतो, वर्गणी संपली की ओळ पुसतो, लेबलं छापून झाली की ती फाइल उडवतो. गुगल शीटवर सात जणांना लिंक देऊन यादी ठेवायची नाही. गंमत म्हणजे इथला डेटा संरक्षण कायदाही हेच सांगतो, गरजेपुरतंच ठेवा म्हणून, त्यामुळे एकदा तरी आपण आणि सरकार एका बाजूला.

पैशाचं आता. तुम्ही ग्रँटबद्दल विचारलं होतं. माझं मत, अंकाच्या रोजच्या खर्चासाठी ग्रँट नको. तत्त्व-बित्त्व बाजूला ठेवा, ग्रँट आली की अर्ज लिहिता येणारा माणूस गटात सगळ्यात महत्त्वाचा होतो आणि ती संपली की अंक बंद पडतो. एखाद्या वेळच्या कार्यशाळेसाठी, रिसो शिकवण्यासाठी वगैरे घ्यायला हरकत नाही. 'फ्राये आर्बेटर श्टिमे' इतकं टिकलं ते कापड कामगारांच्या युनियन, परस्पर मदत मंडळं, पिकनिका आणि नाचाचे जलसे यांच्या जिवावर. आमच्याकडे महिन्यातून एकदा जेवण असतं, ज्याला जमेल त्याने बनवायचं, खाणाऱ्याने वाटेल ते टाकायचं डब्यात. पिठलं-भाकरीला इथे किती गिऱ्हाईक आहे ते तुम्हाला आश्चर्य वाटेल.

किमतीचं गणित मात्र कागदावर मांडा. समजा एक प्रत छापायला दीड पाउंड पडला आणि किंमत चार ठेवलीत. पुस्तकाचं दुकान चाळीस टक्के कापून घेतं, म्हणजे हातात २ पाउंड ४० पेन्स, त्यातून छपाई वजा जाता ९० पेन्स. दुकानं 'विकली तर पैसे नाहीतर प्रती परत' या बोलीवर ठेवतात, म्हणजे पाच प्रतींतल्या दोन परत आल्या, त्याही कोपरे दुमडून, की हिशेब शून्याच्याही जरा खाली. म्हणून निम्म्याहून जास्त प्रती स्वतःच्या हाताने जायला हव्यात, बुकफेअरला, मोर्चांत, कामाच्या ठिकाणी. किंग्स क्रॉसचं हाउसमन्स, व्हाइटचॅपलच्या एंजल अ‍ॅलीतलं फ्रीडम, एलिफंट अँड कासलजवळचं ५६ए, ही तीन ठिकाणं आधी गाठा, तिथे अशा अंकांची सवय आहे. पोस्टात मोठी बचत आहे आणि ती कोणी सांगत नाही. रॉयल मेलच्या साध्या 'लेटर'ची मर्यादा १०० ग्रॅम, जाडी ५ मिलिमीटर आणि आकार २४० बाय १६५. ए-५ आकाराचा, ८० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला ८० ग्रॅम कागदाची) ४८ पानं आणि २५० जीएसएमचं कव्हर असा अंक साधारण ७५ ग्रॅम भरतो, सी-५ पाकिटासकट नव्वदच्या आत. तोच अंक १०० जीएसएमवर छापला की शंभरच्या अगदी काठावर जातो, चिकटपट्टी लावली, आत एखादं पत्रक टाकलं की 'लार्ज लेटर', आणि दर प्रतीमागे चांगला फरक पडतो. तेव्हा कागद निवडायच्या आधी डमी बांधा, पाकिटात घाला, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. पानांची संख्या चारच्या पटीत हवी हे माहीत असेलच.

हिशेब दर अंकाच्या शेवटच्या पानावर छापायचा. आले किती, गेले किती, शिल्लक किती, कोणी उसने दिले असतील तर ते सुद्धा. आपल्याला पैशाबद्दल बोलायला संकोच वाटतो, मित्रांत काय हिशेब असं वाटतं, म्हणून मी नेहमी 'गदर'चं उदाहरण देते. ते काही शुद्ध अनार्किस्ट पत्र नव्हे, स्वातंत्र्याच्या लढ्याचं पत्र, पण ज्याने ते सुरू केलं तो लाला हरदयाळ अनार्किस्ट विचारांचा होता, सॅन फ्रान्सिस्कोतल्या आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेच्या शाखेचा सचिव होता. नोव्हेंबर १९१३ मध्ये पहिला अंक उर्दूत निघाला, पाठोपाठ गुरुमुखीत. कर्तारसिंग सराभा स्वतः हातयंत्र फिरवायचा. आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णु गणेश पिंगळे याच मंडळींतला, लाहोरला नोव्हेंबर १९१५ मध्ये सराभाबरोबरच फाशी गेला, आणि वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्यातलेच. पैसे यायचे कॅलिफोर्निया-ओरेगनमधल्या शेतमजुरांकडून आणि लाकूड गिरण्यांतल्या कामगारांकडून, अंक फुकट वाटला जायचा. हरदयाळला १९१४ मध्ये अटक झाली, जामिनावर सुटून तो युरोपात निघून गेला, तरी पत्र बंद पडलं नाही, त्याचे सहकारी रामचंद्र यांनी चालवलं, इथपर्यंत फार उत्तम. पण मग पैशाचा गैरवापर होतोय, सगळं एकाच्या हातात आहे असे आरोप सुरू झाले, गट फुटला, आणि एप्रिल १९१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात, गदरवाल्यांवरचा खटला चालू असताना, रामसिंग नावाच्या सहकाऱ्यानेच रामचंद्र यांना गोळी घातली. तिथल्या तिथे कोर्टातल्या मार्शलने (सरकारी अंमलदाराने) रामसिंगला गोळी घालून मारलं. आरोप खरे होते का खोटे यात मी पडत नाही. घाम गाळून डॉलर पाठवणाऱ्याला तो कुठे गेला ते बघायची सोय नसली की संशयाला औषध नाही, एवढंच मला त्यातून घ्यायचंय.

छपाई आणि वेबसाइट कोणावर अवलंबून ठेवायची यासाठी ईस्ट एंडचा एक किस्सा. 'आर्बेटर फ्राइंड' हे यिडिश पत्र १८८५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालं, शिंपीकाम करणाऱ्या ज्यू स्थलांतरितांचं. त्याच्या तळाशी एक ओळ असायची, कामगारांनो, आपलं कर्तव्य करा, 'आर्बेटर फ्राइंड'चा प्रसार करा. १८८७ मध्ये विरोधकांनी कंपॉझिटरला (खिळे जुळवणाऱ्याला) फोडलं आणि एका अंकात 'प्रसार करा'च्या जागी 'नाश करा' छापून आलं. पुढे प्रिंटरच छापायला तयार होईना, अंक बंद पडला आणि पुन्हा निघाला तो स्वतःच्या छापखान्यावर, बर्नर स्ट्रीटवरच्या क्लबच्या मागच्या आवारात. (जॅक द रिपरच्या गोष्टी वाचणाऱ्यांना हे आवार माहीत असेल, १८८८ मध्ये एलिझाबेथ स्ट्राइडचं प्रेत तिथेच सापडलं.) आज तुमचा छापखाना म्हणजे पेमेंटचं अ‍ॅप आणि होस्टिंग. आमचं खातं एका पेमेंट कंपनीने शीर्षकातल्या एका शब्दावरून गोठवलं होतं, माणूस फोनवर येईपर्यंत दोन अंकांचे पैसे अडकले. तेव्हा रोख, चेक आणि दुसरं एक अ‍ॅप असे तीन रस्ते ठेवा, आणि वर्गणीदारांशी बोलायला फक्त सोशल मीडियावर विसंबू नका.

'आर्बेटर फ्राइंड'ची दुसरी गोष्ट भाषेबद्दलची आहे. १८९८ पासून त्याचा संपादक रुडॉल्फ रॉकर होता, जन्माने कॅथलिक जर्मन, धंद्याने बुकबाइंडर, ज्यू नव्हे. तो यिडिश शिकला, वाचकांना त्याची भाषा शिकावी लागली नाही. १९१२ मध्ये शिंप्यांचा संप झाला तेव्हा हे साप्ताहिक संप संपेपर्यंत रोज निघायचं, आणि त्यानंतर गोदी कामगारांचा संप लांबला तेव्हा ज्यू घरांनी डॉकर्सची शेकडो मुलं सांभाळायला नेली. पत्र काय कामाचं असतं ते तिथे दिसतं. तुमच्या पहिल्या अंकाची जी अनुक्रमणिका तुम्ही दिलीय त्यात बाकुनिन या जुन्या रशियन अनार्किस्ट विचारवंतावर दोन लेख आहेत. एक पुरे. त्या जागी पगार अडकला तर काय करायचं, इमिग्रेशनची धाड पडली तर काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, असं एक पान टाका, आणि ते एकच पान सगळ्या भाषांत.

सगळंच सगळ्या भाषांत करायच्या भानगडीत पडू नका, भाषांतर करणारे दोघं तिसऱ्या अंकापर्यंत थकून जातील. ज्याने त्याने आपापल्या भाषेत लिहावं आणि सोबत अर्धं पान इंग्रजीत सार. मेक्सिकोतून परागंदा झालेल्या फ्लोरेस मागोन भावांचं 'रेहेनेरासिऑन' लॉस एंजेलिसहून निघायचं तेव्हा त्यात एक पान इंग्रजी असायचं, शेजाऱ्यांसाठी, तेवढं पुरतं. जे लिहीत नाहीत त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, उतरवा आणि त्यांनाच वाचून दाखवा, त्यांनी 'हे असं नाही म्हटलं मी' म्हटलं की बदला. आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचले गेलेले लेख असे आलेत. आणि इंग्रजी सुधारताना फार इस्त्री मारू नका, अर्थ लागतोय ना, मग राहू द्या.

अजून एक, हे मराठीत लिहितेय म्हणून. विमानात बसताना आपण जात कस्टमला डिक्लेअर करत नाही पण ती येतेच सोबत. तुम्ही दोघं मराठी आहात, सिलहेटी मुलगी आहे, तुमच्यात कोण कोणाच्या वतीने 'आम्ही स्थलांतरित' म्हणतंय ते अधूनमधून तपासा. मास्टर्स करायला आलेला आणि तीन ठिकाणी झाडू मारणारी, दोघांचाही व्हिसाच असतो, पण ते एक नव्हे.

त्रैमासिक म्हणून जाहीर करू नका. साठच्या दशकात आपल्याकडे सायक्लोस्टाइल करून निघायची ती लघुअनियतकालिकं आठवा, जमलं तेव्हा काढलं, आणि त्याबद्दल कोणी माफी मागितली नाही. वर्षाला दोन अंक धरा, त्यातला एक शरद ऋतूतल्या अनार्किस्ट बुकफेअरच्या आधी. वर्गणी वर्षाची न घेता चार अंकांची घ्या. छापल्यावर महिन्याच्या आत एक प्रत ब्रिटिश लायब्ररीला पाठवायची असते, कायद्याने. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, तोही तिथूनच फुकट मिळतो. राज्य मानत नाही आणि राज्याच्या लायब्ररीला अंक कसला पाठवता म्हणून आमच्याकडे एकदा मोठा वाद झाला होता, पण वर जी जुनी पत्रं सांगितली ती आज बघायला मिळतात कारण कोणीतरी कुठेतरी प्रती ठेवल्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या सामाजिक इतिहासाच्या संस्थेलाही एक प्रत पाठवत जा, त्यांच्याकडे अशा कागदांचा मोठा साठा आहे.

पहिला अंक लहान काढा, चोवीस पानं, तीनशे प्रती. रिसोवर छापणार असाल तर शाई बोटाला लागते हे धरून चाला, गुळगुळीत कागद घेऊ नका, त्यावर ती वाळत नाही, आणि छापल्याबरोबर घड्या घालायला बसू नका, रात्रभर राहू द्या. लेआउटला स्क्राइबस या मोफत सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती नको, त्यात जोडाक्षरं तुटतात, नव्या आवृत्तीत ठीक येतात. देवनागरीला मुक्ता फॉन्ट चांगला चालतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. आणि तुमचे कुर्दिश मित्र कुर्मांजीत लिहिणार की सोरानीत (कुर्दिशच्या दोन बोली) ते आत्ताच विचारा. कुर्मांजी असेल तर बहुतेक रोमन लिपी, मग काही प्रश्न नाही. सोरानी असेल तर उजवीकडून डावीकडे, म्हणजे त्यांची पानं अंकाच्या मागच्या बाजूने सुरू करायची, दोन मुखपृष्ठं होतील, आणि शेवटच्या पानावर जो हिशेब छापा म्हटलं तो मग मधोमध, टाचण्यांच्या पानावर घ्या.